अंगावर जागा नाही

लातूर,
१४ एप्रिल २०१६

चि. शांता हिस,

माळवदावर अव्वाने ज्वारीच्या पापड्या वाळत घातल्या होत्या आणि आपल्या दोघींना कावळे हाकायला बसवलं होतं. मी हैदराबादच्या कॉन्व्हेंटमधून सुटीवर आलेली, बारा वर्षांची. तू आठ. मी इंग्रजी धडा मोठ्याने वाचत होते आणि तू दर वाक्याला विचारत होतीस, "म्हंजे काय?" वाचता वाचता आपण धोतराच्या कडेच्या ओल्या पापड्या खात गेलो. ऊन उतरल्यावर अव्वा वर आली. रिकाम्या कडेकडे बघून म्हणाली, "कावळे लई मोठे होते वाटतं." तू लगेच म्हणालीस, "व्हय, त्यातल्या एकाला इंग्रजी येत होतं."

चौतीस वर्षांनी पत्र लिहिताना सुरुवात कशी करावी कळेना, म्हणून जे पहिलं आठवलं ते लिहिलं. तुझा पत्ता देवणीच्या मलप्पाकाकांच्या सुनेकडून घेतला. तू मागच्या वर्षी नर्सच्या नोकरीतून निवृत्त झालीस हेही तिनेच सांगितलं. फोन नंबरही दिला होता तिने. तो मी लिहून घेतला, पण लावला नाही.

कामाचं लिहिते. माझ्या हृदयाच्या तीन नसा तुंबल्या आहेत. जानेवारीपासून जिना चढताना जबडा दुखायचा. मी दात समजून दातांच्या डॉक्टरकडे दोनदा जाऊन आले. बायपास करावी लागेल म्हणाले. इथल्या दवाखान्याने मार्चमधली तारीख दिली होती, पण पाणी नाही. नळाला दोन महिन्यांत थेंब आलेला नाही. ऑपरेशन थिएटरला रोज लागतं तेवढं टँकरवाला देईना, तेव्हा त्यांनी सरळ हात जोडले आणि नांदेडला जा म्हणाले. परवा मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. लोक बघायला स्टेशनात गेले होते. मी गेले नाही, जिन्याची भीती वाटते.

तर आता नांदेड. तुझ्याच गावात येते आहे. २० तारखेला भरती व्हायचं आहे आणि २७ला, बुधवारी, ऑपरेशन. माझा मुलगा सिद्धलिंग पुण्याहून रजा काढून येतो आहे. तू त्याला पाहिलेलंच नाहीस. डोक्यावर टक्कल पडायला लागलं आहे त्याच्या.

एक विनंती आहे. तपासताना तिथल्या सर्जननी माझ्या गळ्यातल्या चांदीच्या डबीला बोट लावून विचारलं, हे काय? मी सांगितलं, आमच्यात मूल जन्मलं की लिंग बांधतात आणि मातीत जाईपर्यंत ते अंगावरून उतरवत नाहीत. ते म्हणाले, छाती उघडायची आहे, गळ्यात ठेवता येणार नाही. सिद्धू म्हणाला, आई, लॉकरमध्ये ठेवू. त्याने स्वतःचं कॉलेजात असतानाच कपाटात ठेवलेलं आहे, त्याला काय सांगणार? ऑपरेशनचे चार-पाच तास ते कुणीतरी हातात धरून बसावं, खाली ठेवू नये, एवढंच मला हवं आहे. आणि ते तू असावंस.

अव्वा गेली तेव्हा, आपल्या आईच्या मातीच्या वेळी, जो गोंधळ झाला त्याचा राग तुझ्या मनात अजून असेल. तिचं लिंग दंडावरून कसं सुटलं आणि तुझ्या पिशवीत कसं आलं, हे शेवटपर्यंत कुणालाच कळलं नाही. आता ते उकरून काढण्यात अर्थ नाही असं मला वाटतं. आपण दोघी म्हाताऱ्या झालो.

येशील का, ते कळव.

तुझी अक्का,
महादेवी


नांदेड,
२२ एप्रिल २०१६

शांते,

तुझं उत्तर आलं नाही. पत्र पोचलं आहे, कारण पोस्टाची पोचपावती आली, तिच्यावर तुझी सही आहे. 'शा' अजून तसाच काढतेस, शेपटीवाला.

मला दुसऱ्या मजल्यावरची दोन खाटांची खोली मिळाली आहे. इथे नळाला पाणी येतं. पहिल्या दिवशी मी नळ उघडून नुसती उभी राहिले होते, तर आया ओरडली. बायकांकडे खाट रिकामी नव्हती, म्हणून शेजारच्या खाटेवर करीमभाई म्हणून आहेत, देगलूरचे, एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. त्यांचंही हेच ऑपरेशन, माझ्या दोन दिवस आधी. त्यांची बायको साबेराबी स्टुलावर बसून दिवसभर तसबीहचे मणी ओढत जप करते आणि मध्येच मला मोसंबी सोलून देते.

काल सर्जन दोघांना एकदमच समजावून गेले. नेहमीच्या बायपासमध्ये हृदय थांबवतात आणि रक्त मशीनमधून फिरवतात. माझ्या हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीच्या भिंतीला चुना धरला आहे. तिला चिमटा लावला तर चुन्याचे कण मेंदूत जायची भीती. म्हणून हृदय थांबवायचं नाही, ते चालू असतानाच टाके घालायचे. जिथे सुई लावायची तेवढाच रुपयाएवढा भाग एका चिमट्याने दाबून स्थिर धरतात, बाकीचं सगळं उडत असतं. करीमभाई उठून बसले. म्हणाले, "साब, पैंतीस साल गाड्या दुरुस्त केल्या मी. चालू इंजनचा पट्टा कुणी बदलत नाही. बोटं जातात." सर्जन हसले. म्हणाले, "तुमचं इंजिन बंद केलं तर परत सेल्फ लागेल याची गॅरंटी नाही, म्हणून." साबेराबीला ते काही हसण्यासारखं वाटलं नाही.

मला मात्र ते ऐकून बरं वाटलं. थांबवणार नाहीत, हे ऐकून. अव्वाचं टेबलावर थांबलं ते परत सुरू झालं नाही, आणि गेली चौतीस वर्षं मी ते मनात धरून आहे की ते का थांबलं असेल. पोटातले खडे काढताना माणसाचं हृदय का थांबावं? तू शिकलेली आहेस, तुला वैद्यकातलं कारण माहीत असेल. मला एकच कारण माहीत आहे, आणि ते डॉक्टरला सांगण्यासारखं नाही.

मागच्या पत्रात मी एक वाक्य खोटं लिहिलं. लिंग दंडावरून सुटलं नव्हतं. मी सोडलं.

लातूरच्या दवाखान्यात तू थिएटरच्या मोठ्या सिस्टरची परवानगी काढलीस, डबी उकळत्या पाण्यातून काढलीस, गॉझमध्ये गुंडाळून अव्वाच्या डाव्या दंडाला बांधलीस आणि रक्ताची बाटली आणायला खाली गेलीस. अव्वा व्हरांड्यात स्ट्रेचरवर होती, गुंगीचं इंजेक्शन झालेलं. तेवढ्यात ते डॉक्टर आले. आठवतात का, परदेशातून शिकून आलेले, उंच. त्यांनी मला इंग्रजीत विचारलं, दंडाला हे गाठोडं कसलं? मी कॉन्व्हेंटमधलं माझं सगळ्यात चांगलं इंग्रजी काढलं आणि म्हणाले, काढून टाका डॉक्टर, जुनी अंधश्रद्धा आहे. ते म्हणाले, असू दे, मला अडचण नाही. ऐकलंस ना? ते असू दे म्हणाले. तरी मीच सोडलं. कितीतरी वर्षांत कुणी माझ्याशी इंग्रजीत बोललं नव्हतं, शांता. सासरी दिवसभर तिखट कांडणं आणि पाणी भरणं. त्या माणसाला मी कोण आहे ते कळावं असं मला वाटलं. एवढंच होतं ते.

अव्वाने माझं मनगट धरलं. बोलता येत नव्हतं तिला. मी म्हणाले, "अव्वा, दोन तासांचा तर प्रश्न हाय." आणि डबी माझ्या पर्समध्ये टाकली.

लातूर जिल्हा झाला तो आठवडा होता. बाहेर मिरवणूक चालली होती, बँड, फटाके. डॉक्टर बाहेर येऊन काय म्हणाले ते मला पहिल्यांदा फटाक्यांमुळे नीट कळलं नाही. त्यांना परत सांगावं लागलं.

पुढे उदगीरला घरी काय झालं ते तुला माहीत आहे. मी लिहीत नाही.

हे पत्र साबेराबी तुझ्या घरी हातोहात देऊन येईल. तिची लेक तुझ्याच भागात, तरोड्याला राहते. वाटलं तर ये, नाही तर नको येऊस. अपेक्षा ठेवायला मी जागा ठेवलेली नाही, हे मला कळतं.

अक्का


नांदेड,
२५ एप्रिल २०१६, सोमवार

शांते,

तू काल येऊन गेलीस आणि आज परत येणार आहेस, तरी लिहिते. समोर तू असलीस की माझ्या तोंडातून निम्मंच बाहेर येतं.

तू दारातून आलीस ती माझ्याकडे न बघता आधी खाटेच्या पायथ्याचा कागद उचललास. चौतीस वर्षांनी तुझं पहिलं वाक्य काय, तर "शुगर एकशे नव्वद. काय खाल्लीस?"

मी म्हणाले, "सुनेनं आमरस आणला होता. वाटीभर."

"वाटीभर म्हंजे किती ते मला ठाऊक हाय." मग सिद्धूकडे वळून, "आन् तू रे? आई सांगती अन् तू पाजतोस? इंजिनियर हायस ना?" तो बिचारा उभाच राहिला. मग त्याने वाकून तुझ्या पायांना हात लावला आणि तू त्याच्या टकलावर हात ठेवलास. मग तू त्याला मधुमेहवाल्यांची बिस्किटं आणायला खाली पिटाळलंस.

मी लिंगाचा विषय काढला. गळ्यात नाही तर हाताला बांध म्हणाले, अव्वाला बांधलं होतंस तसं. तू माझ्या अंगावर बोट ठेवत गेलीस, शिंपी माप घेतो तसं. "डाव्या हातातली नस काढणार, जोडायला. उजव्या मनगटात प्रेशरची सुई. मानेत मोठी नळी. पायाला घोट्यापासून मांडीपर्यंत चीर. छाती तर उघडीच. कुठं बांधू, अक्का? सांग. अंगावर जागा न्हाई."

"मग हातात धर," मी म्हणाले.

"मला धर म्हणू नको. एकदा बांधलं, पुरं झालं."

साबेराबी ऐकत होती. तिला सगळी हकीकत मी आधीच सांगितली होती, पिशवीची सोडून. तिने तसबीह खिशात ठेवली आणि हात पुढे केला. "लाओ, मेरेकू देव ना आपा. मैं हात-पांव धोके, वजू करके बैठतिऊं. नीचे नै रखतिऊं, खाना बी नै खातिऊं."

तू ताडकन म्हणालीस, "तुम्ही तुमच्या करीमभाईंचं बघा. ही माझी बहीण हाय."

साबेराबी काय गप्प बसणार! "हौ? चार दिन से तो अकेली पडी थी. बहन कां थी?"

"बहीण नाराज होती."

"कायकू?"

करीमभाई भिंतीकडे तोंड करून झोपल्यासारखं करत होते. साबेराबी थर्मास घेऊन चहाला गेली.

मग तू स्टुलावर बसलीस. माझं दुसरं पत्र पर्समधून काढलंस, चौघडीचं. "हे अर्धंच हाय," म्हणालीस. "पिशवीत कुणी ठेवलं?"

मी पाणी मागितलं. तू दिलंस. मी प्यायले. तू परत विचारलंस.

"मी," म्हणाले.

आता ते इथे पूर्ण लिहिते, म्हणजे कागदावर असेल. अव्वाला घरी आणून भिंतीला टेकवून बसवलं होतं. स्वामी आले, त्यांनी समाधीआधी तिच्या तळहातावर ठेवायला लिंग मागितलं. तू म्हणालीस, दंडाला बांधलंय. पदर बाजूला केला तर दंड मोकळा. अप्पा, आपला थोरला भाऊ शंकरण्णा, सगळे घर उलथंपालथं करायला लागले. त्याच वेळी मी म्हणायला हवं होतं, माझ्या पर्समध्ये आहे. तोंड उघडलंही होतं मी. पण सासूबाई समोर बसल्या होत्या, आणि मला सातवा महिना. तू आडावर गेलीस तेव्हा मी आतल्या खोलीत जाऊन डबी तुझ्या पिशवीत, युनिफॉर्मच्या खाली ठेवली. मनात म्हणाले, सापडलं की सगळं मिटेल. कुणाच्या पिशवीत सापडेल याचा विचारच केला नाही, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. केला होता.

अप्पा म्हणाले, दवाखान्याची सवय झाली हिला, आईच्या अंगावरचं काढून पिशवीत टाकलं आणि तोंडावर खोटं बोलती. या उंबऱ्यात परत पाय ठेवू नको. तू माझ्याकडे एकदा बघितलंस आणि पिशवी उचललीस.

"मला त्याच दिवशी ठाऊक होतं," काल तू म्हणालीस. "दोऱ्याला तुझ्या पर्समधल्या पावडरचा वास होता. ती जांभळ्या डब्यातली, कॉन्व्हेंटवाली. माझ्या पिशवीला डेटॉलशिवाय वास नसायचा."

"मग बोलली का न्हाईस?"

"मला राहायला नांदेडचं हॉस्टेल होतं. तुला कुठं होतं? सासरवाल्यांनी पोटासकट दारात आणून बसवलं असतं." हे तू इतकं सरळ सांगितलंस की मला रडूही आलं नाही. मग तुझा आवाज चढला. "मी म्हटलं, बाळंत होऊ दे, मग सांगेल. मग म्हटलं, पोरगं चालायला लागू दे. दोन पत्रं टाकली तुला, उत्तर न्हाई. अप्पा गेले तेव्हा आले मी. शंकरण्णानं मला माती टाकू दिली न्हाई. हात धरून मागं सारलं सगळ्यांच्या देखत. अन् तू कुठं हुतीस? पाच हातांवर. पदर तोंडाला लावून."

होते मी. पाच हातही नसतील.

"आन् आता मरायच्या बेतात सांगून राहिलीस," तू म्हणालीस. "मेल्यावर खरं बोलायला काय लागतं, अक्का? शंकरण्णा अजून लग्नाकार्यात सांगतो, आमची ती नर्स. तू जगणार हायस. सर्जन चांगला हाय, मी चौकशी केली. मला काय दोन पत्रं दिलीस, मला तर ठाऊकच हुतं. अण्णाला सांग. मग धरीन. न्हाई तर ही साबेराबी हाय, चांगली बाई हाय."

आणि जाताना आमरसाचा डबा उचलून घेऊन गेलीस.

आज सकाळी साडेसातला करीमभाईंना आत नेलं. पाच तास लागले. साबेराबी कॉरिडॉरमध्ये बसून होती, मीही तिच्याजवळ खुर्ची घेऊन बसले. दीडच्या सुमाराला सर्जन आले आणि म्हणाले, थांबलं नाही एकदाही. साबेराबीने आधी मला मिठी मारली आणि मग विचारलं, "क्या नै थांबा?"

तू चारला येते म्हणालीस. तोवर हे पूर्ण करते आहे. फोन माझ्या उशाशी आहे. शंकरण्णाचा नंबर मला पाठ आहे.

अक्का


नांदेड,
२६ एप्रिल २०१६

शांते,

हे शेवटचं. उद्या सकाळी डबी तुझ्या हातात देताना याचीही घडी देईन. ऑपरेशन चालू असताना वाच, वेळ जाईल.

काल तुझ्यासमोरच फोन लावला. तू मोसंबी सोलत होतीस आणि एकदाही वर बघितलं नाहीस. पलीकडून घोषणा ऐकू येत होत्या, 'उदगीर जिल्हा झालाच पाहिजे'. अण्णा समितीत आहे ना, सत्तरी उलटली तरी मोर्चाच्या पुढे असतो.

"हां महादेवी! बोल! बुधवारी हाय न्हवं? काळजी करू नको. तू बरी होऊन येईस्तोवर जिल्हा होतोय बघ, पेढे घेऊन येतो."

"अण्णा, अव्वाचं लिंग मी काढलं होतं."

"काय? लिंगाचं काय म्हणालीस? स्वामींना पाठवू का तिकडं?"

"अव्वाच्या दंडाचं. मी सोडलं. शांताच्या पिशवीत मी ठेवलं. शांतानं काही केलं न्हाई."

घोषणा चालूच होत्या. त्या थोड्या लांब गेल्या, तो बाजूला झाला असावा. मग म्हणाला, "बरं बरं. आता ते कशाला? टेन्शन घेऊ नको. नंतर बोलू," आणि फोन ठेवला.

त्याला ऐकू आलं नसेल, असं मी म्हणू शकले असते. तू मोसंबीची फोड माझ्या हातात ठेवलीस आणि काही बोलली नाहीस, म्हणून मलाच बोलावं लागलं. "त्याला ऐकू आलंय," मी म्हणाले. तू मान हलवलीस. मग उठलीस, हात धुतलेस, आणि म्हणालीस, "उद्या लिहून काढ त्याच्यासाठी. परवा साडेसहाला येते. आंघोळ करून येते."

आंघोळ करून येते म्हणालीस, तेव्हा मला कळलं.

अण्णासाठीचं पत्र आज लिहिलं, पाच पानं झाली. सिद्धूला वाचून दाखवलं. तो त्या वेळी माझ्या पोटात होता आणि माझ्या गप्प बसण्याला मी त्याचंच कारण पुढे केलं होतं, म्हणून त्याला आधी. त्याने पानं जुळवून पाकिटात घातली. मग म्हणाला, "मावशीला मी आई म्हटलं तर चालेल का?" मी म्हणाले, तिला विचार, ती आधी तुझी शुगर तपासेल.

आता कुणाला काय, ते लिहिते.

डबी तुझ्याकडे. मला बाहेर आणेपर्यंत हातातच. तुला उठावं लागलं तर साबेराबीकडे दे, ती रुसलेली नाही, मी विचारलं. नळ्या निघाल्या की तू ठरवशील तेव्हा गळ्यात बांध. घाई करू नकोस आणि कुणाला करू देऊ नकोस. मला उदगीरला न्यायची वेळ आली, तर तळहातावर तूच ठेव आणि मुठीवर तुझा हात ठेवून माती पडेपर्यंत थांब. अण्णाने मागे सारलं तर सिद्धू मध्ये उभा राहील, त्याने कबूल केलं आहे.

लातूरच्या घरातले दोन निळे ड्रम शेजारच्या भामाबाईला. गुरुवारी आमच्या गल्लीत टँकर येतो, माझा तेरावा नंबर आहे. मी नसले तरी तो नंबर तिने घ्यावा, नाही तर कोपऱ्यावरचे मधेच घुसतात.

पाटल्या सुनेला. तिला आमरसाबद्दल बोलू नकोस, तिने प्रेमाने केला होता.

इंग्रजी पुस्तकं जुन्या संदुकीत आहेत, वरच्या थराला वाळवी लागली आहे. खालची चांगली आहेत. ती साबेराबीच्या नातीला, दहावीला आहे ती. शब्दांचे अर्थ मी समासात मराठीत लिहिलेले आहेत.

तुझ्या भावोजींचं, अमृतरावांचं घड्याळ सिद्धूला. ते चालत नाही, दुरुस्त करू नये.

अव्वाचं नारंगी काठाचं इरकल तुला. आपण वाटणी केली तेव्हा तू नव्हतीस, म्हणून ते माझ्याकडे आलं. मी कधी नेसले नाही.

आणि अण्णाचं पत्र. ते पाकिटात बंद करून सिद्धूकडे दिलं आहे. पोस्टाने टाकायचं नाही. सिद्धूने उदगीरला जायचं, अण्णाला मोतीबिंदू आहे म्हणून स्वतः मोठ्याने वाचायचं, वहिनी आणि तिन्ही पुतणे समोर बसलेले असताना. मधे कुणी उठलं तर थांबायचं आणि ते परत बसले की पुढे वाचायचं. मी गेले तर त्याच आठवड्यात.

मी वाचले तरीही. त्यातच खरी अडचण आहे, शांते, आणि ती तुला आधी सांगून ठेवते. आज मी घाबरलेली आहे म्हणून धीट आहे. पंधरा दिवसांनी मी उशीला टेकून सूप पीत असेन, जिना चढायला लागेन, आणि मला वाटेल, एवढं कशाला, अण्णा म्हातारा आहे, फोनवर सांगितलंच आहे. मी सिद्धूकडे ते पाकीट मागेन. लाडात मागेन, रडून मागेन, डॉक्टरनी त्रास करून घेऊ नका म्हटलंय असं सांगेन. तो मऊ आहे, देईल. म्हणून पाकीट त्याच्याकडून उद्याच तुझ्याकडे घे.

मी मागितलं तर देऊ नकोस.

तुझी अक्का,
महादेवी